आवाजातून वीज

प्रस्तावना

मिरवणुकीत एकावर एक रचलेल्या भोंग्यांसमोरून जाताना छातीत धडधडल्यासारखे वाटते. घराच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात, फडताळातील पातेल्या किणकिणतात. आवाज ही केवळ कानाने ऐकण्याची गोष्ट नसून तो वस्तूंना हलवतो, हे अशा वेळी प्रत्ययास येते. मग सहज मनात विचार येतो की, जो वस्तू हलवतो त्याच्यात ऊर्जा असलीच पाहिजे, आणि जेथे ऊर्जा आहे तेथून वीज का मिळू नये? शहरातील रस्ते, रेल्वेस्थानके, कारखाने, विमानतळ येथे अहोरात्र चालणारा गोंगाट वाया जाऊ न देता त्यावर दिवे लावता येतील का?

हा विचार आजवर अनेकांनी केला आहे. शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत त्याचे नमुने मांडले जातात, वृत्तपत्रांत त्याच्या बातम्या येतात. प्रस्तुत पाठात या कल्पनेमागील विज्ञान समजावून घेऊन तिचे मोजमाप केले आहे. पाठ वाचून झाल्यावर दाबविद्युत म्हणजे काय हे तुम्ही सांगू शकाल, व्होल्ट आणि वॅट यांतील भेद उदाहरणाने स्पष्ट करू शकाल आणि एखाद्या शोधाच्या बातमीतील आकडे स्वतः पडताळून पाहू शकाल. पाठात थोडी आकडेमोड आहे, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्यावी.

मूळ पाठ

१८८० सालची गोष्ट. जाक आणि पिएर क्यूरी हे दोन भाऊ पॅरिसमध्ये प्रयोगशाळा-साहाय्यक म्हणून काम करीत होते. थोरला जाक चोवीस वर्षांचा, धाकटा पिएर एकवीस वर्षांचा. स्फटिकांच्या रचनेचा दोघांना नाद होता. त्यांनी क्वॉर्ट्झचा स्फटिक एका विशिष्ट दिशेने कापून त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर कथलाचा पातळ पत्रा बसवला आणि तो स्फटिक दाबला. दाबताक्षणी एका पत्र्यावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतप्रभार प्रकट झाला. दाब काढताच तो नाहीसा झाला. दाब दुप्पट केला तर प्रभारही दुप्पट भरला. टूर्मलीन, पुष्कराज, एवढेच काय, उसाच्या साखरेचे स्फटिक यांच्यातही त्यांना हा गुण आढळला. आपण प्रसादाला वाटतो ती खडीसाखर म्हणजे त्याच साखरेचे मोठे स्फटिक होत.

दाब दिल्याने वीज निर्माण होते म्हणून या गुणाला मराठीत दाबविद्युत असे नाव आहे. पाश्चात्त्य भाषांतील ‘पिझोइलेक्ट्रिक’ हा शब्दही ‘दाबणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. असे का घडते? क्वॉर्ट्झमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू ठरावीक घडणीने बसलेले असतात. सिलिकॉनकडे थोडा धन प्रभार असतो, ऑक्सिजनकडे थोडा ऋण. एरवी हे प्रभार एकमेकांना तंतोतंत तोलून धरतात, म्हणून स्फटिक बाहेरून उदासीन दिसतो. दाब पडला की ही घडण किंचित चेपते, धन आणि ऋण प्रभारांचे मध्य एकमेकांपासून सरकतात आणि तोल बिघडतो. ताण दिला तर तोल उलट दिशेने बिघडतो. साधे मीठसुद्धा स्फटिकच आहे, परंतु त्याची रचना मध्यबिंदूच्या दोन्ही अंगांना अगदी सारखी असल्यामुळे ते कितीही दाबले तरी तोल ढळत नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८१ मध्ये, गाब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे सांगितले की, याच्या उलटही घडले पाहिजे: अशा स्फटिकाला वीज दिली तर त्याचा आकार किंचित बदलला पाहिजे. क्यूरी बंधूंनी प्रयोग करून तेही सिद्ध केले. पुढे पिएरची पत्नी मारी क्यूरी यांनी किरणोत्सर्गाचे सूक्ष्म मोजमाप करण्यासाठी हाच क्वॉर्ट्झ वापरला. ज्ञात वजन टांगून स्फटिकातून ज्ञात प्रभार मिळवायचा आणि त्याच्याशी किरणांमुळे निर्माण झालेला प्रभार तोलून पाहायचा, अशी ती युक्ती होती. १८९८ मध्ये लागलेल्या पोलोनियम व रेडियमच्या शोधामागे या दाबलेल्या स्फटिकाचाही वाटा आहे.

पॅरिसची ती प्रयोगशाळा आज आपल्या स्वयंपाकघरातही येऊन पोहोचली आहे. गॅस पेटवण्याच्या ज्या लायटरला बॅटरी लागत नाही आणि जो दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज होतो, तो दाबविद्युतवरच चालतो. त्याच्या नळीत क्वॉर्ट्झऐवजी कृत्रिम दाबविद्युत पदार्थाचा लहानसा तुकडा असतो. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून भट्टीत भाजून केलेला हा पदार्थ १९५० च्या दशकात प्रचारात आला. अंगठ्याने खटका दाबला की आतील स्प्रिंग सुटते, छोटी हातोडी त्या तुकड्यावर आदळते आणि त्याच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी पडते.

काही हजार व्होल्ट! घरातील दिवे तर २३० व्होल्टवर चालतात. मग लायटरवर दिवा का लागत नाही?

या प्रश्नापाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे, कारण आवाजाच्या विजेविषयीचे बहुतेक गैरसमज येथेच जन्म घेतात. व्होल्ट म्हणजे विजेची जणू उंची, आणि प्रभार म्हणजे त्या उंचीवरून पडणारे पाणी. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडणारा पाण्याचा एक थेंब पिठाची चक्की फिरवू शकत नाही. कालव्याचे पाणी दोन हात उंचीवरून पडले तरी ती फिरते. काम किती होणार हे उंची आणि पाणी या दोहोंवर अवलंबून असते. दर सेकंदाला होणाऱ्या या कामाचे माप म्हणजे वॅट. लायटरमध्ये उंची प्रचंड आहे, पाणी मात्र थेंबभर आहे.

हे स्वतः पाहता येते. जुन्या गजराच्या घड्याळात किंवा गाणाऱ्या शुभेच्छापत्रात पितळेची एक पातळ चकती असते आणि तिच्यावर पांढऱ्या पदार्थाचा थर असतो. हा पांढरा थर दाबविद्युत पदार्थाचा होय. चकतीच्या दोन तारा लहानशा लाल एलईडीला जोडून चकतीवर टिचकी मारली तर दिवा क्षणभर लुकलुकतो. तीच चकती तोंडासमोर धरून कितीही मोठ्याने ओरडले तरी दिवा लागत नाही. टिचकी आणि आरोळी यांत असा कोणता फरक आहे?

पाठगत प्रश्न
(अ) साध्या मिठाच्या स्फटिकात दाबविद्युत का निर्माण होत नाही?
(आ) लायटरमधील विजेवर घरातील दिवा का लागत नाही, ते पाण्याच्या उदाहरणाने सांगा.

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारा चढउतार. बोलणाऱ्याच्या मुखापासून निघालेल्या या लहरी पुढे सरकत समोरच्या वस्तूला आळीपाळीने ढकलतात व ओढतात. लहरी स्फटिकावर पडल्या तर स्फटिकही आळीपाळीने दबतो व सुटतो, आणि त्यातून आलटून पालटून दिशा बदलणारी वीज मिळते. येथपर्यंत कल्पना निर्दोष आहे. प्रश्न एवढाच की हा दाब किती? साध्या बोलण्यामुळे हवेच्या दाबात होणारा चढउतार वातावरणाच्या एकूण दाबाच्या सुमारे पन्नास लाखावा भाग असतो. मानवी कान एवढा संवेदनशील आहे की त्याला हा चढउतार भरघोस वाटतो. कानाच्या या थोरवीमुळेच आवाजाच्या बळाविषयी आपली फसगत होते.

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट होते. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबल, गजबजलेला रस्ता सुमारे ८०, आणि कानठळ्या बसवणारे भोंगे १०० व त्याहून अधिक. या पट्टीनुसार १०० डेसिबलचा आवाज एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला किती ऊर्जा आणून टाकतो? एका वॅटचा केवळ शंभरावा भाग. ८० डेसिबलचा रस्ता आणतो एका वॅटचा दहा हजारावा भाग, आणि संभाषण दहा लाखावा भाग.

आता १० वॅटचा एक एलईडी दिवा घेऊ. १०० डेसिबलच्या आवाजावर तो लावायचा तर १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जागेवर पडणारा सगळा आवाज गोळा करावा लागेल. गजबजलेल्या रस्त्याच्या आवाजावर लावायचा तर १ लाख चौरस मीटर, म्हणजे सुमारे पंचवीस एकर. तेही आवाजाचा कणभरही अंश वाया न जाता संपूर्ण ऊर्जेची वीज झाली असे धरून, आणि असे कोणत्याही यंत्रात होत नाही. याउलट भर दुपारचे ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ओतते. त्याचा पाचवा भाग जरी सौरपट्टीने विजेत बदलला, तरी तोच दिवा लहानशा पट्टीवर लागतो.

आणखी एक गोष्ट. भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली लागू झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम पाळणाऱ्या वस्तीत दिवसाच्या आवाजावर आपला १० वॅटचा दिवा लावायला तीस चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र लागेल! जेथे आवाजातून थोडीबहुत वीज मिळण्यासारखी आहे, तेथे तो आवाज माणसांच्या कानांना इजा करणारा आहे. तेथे यंत्र बसवण्याआधी आवाज कमी करणेच शहाणपणाचे. मिरवणुकीतील भोंगे तर स्वतःच जनित्राच्या विजेवर गर्जत असतात. त्यांच्या आवाजातून वीज परत मिळवणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

तीव्रता कमी, ही झाली एक अडचण. दुसरी अडचण हवा आणि घन पदार्थ यांच्या सीमेवर उभी आहे. हवा विरळ आणि मऊ, स्फटिक घट्ट आणि ताठ. हवेतून आलेली ध्वनिलहर अशा पृष्ठभागावर आदळली की जवळजवळ सगळीच परत फिरते. हजारात एक भागही आत शिरत नाही. सोनोग्राफी करताना पोटावर थंडगार चिकट जेल का लावतात, याचे उत्तर यातच आहे. यंत्राचा ठोकळा आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी ध्वनी शरीरात शिरत नाही. जेल ती हवा बाहेर काढते. हवेतील आवाज पकडण्यासाठी पातळ पडदे किंवा विशिष्ट आकाराच्या पोकळ्या वापरता येतात, ज्या एका ठरावीक स्वराला प्रतिसाद देऊन जोराने थरथरतात. त्याने काही अंशी लाभ होतो, परंतु पोकळी ऊर्जा गोळा करते, निर्माण करत नाही, आणि रस्त्याचा गोंगाट एका स्वरात चालत नाही.

मग वृत्तपत्रांतील बातम्या खोट्या असतात का? तसे म्हणता येणार नाही. २०१० साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारांवर सुमारे १०० डेसिबलचा आवाज सोडून ५० मिलिव्होल्टचा विद्युतदाब मिळवला. २०१४ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी त्याच पदार्थाच्या फोनएवढ्या पट्टीतून ५ व्होल्ट मिळाल्याचे सांगितले. हे प्रयोग खरे आहेत आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मोलाचेही आहेत. परंतु ‘बोलता बोलता फोन चार्ज’ असा मथळा आला की वाचकाने लायटर आठवावा. व्होल्ट सांगितले, वॅट किती?

हिशेब अवघड नाही. फोनची पाठ सुमारे १०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका चौरस मीटरचा शंभरावा भाग. १०० डेसिबलच्या आवाजात तिच्यावर पडणारी ऊर्जा एका वॅटचा दहा हजारावा भाग. फोनच्या बॅटरीत सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. १५ ला दहा हजाराने गुणले की १ लाख ५० हजार तास येतात. कानठळ्या बसवणारा आवाज रात्रंदिवस चालू ठेवला आणि थोडीही ऊर्जा वाया गेली नाही, तरी फोन एकदा भरायला सतरा वर्षे लागतील. अशा यंत्राच्या नावाखाली कोणी ग्रामपंचायतीकडे, बचत गटाकडे किंवा सोसायटीकडे पैसे मागायला आले, तर हा चार ओळींचा हिशेब पुढे ठेवावा.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. २००८ साली टोकियोच्या रेल्वेस्थानकात प्रवाशांच्या पावलांखाली दाबविद्युत फरशी बसवून वीज मिळवण्याचा प्रयोग झाला. त्याला कधी कधी ‘गोंगाटाची वीज’ म्हटले जाते, पण ती आवाजाची नव्हे, पावलांच्या वजनाची वीज आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने फरशी पाच मिलिमीटर दाबली तर सुमारे तीन जूल ऊर्जा मिळू शकते. आपला १० वॅटचा दिवा तेवढ्यावर सेकंदाचा तिसरा हिस्साही जळणार नाही. तरीही आवाजाच्या मानाने पाऊल पुष्कळच दमदार. टिचकी आणि आरोळी यांतील फरक तो हाच.

आवाजाची वीज एवढी क्षीण, मग तिचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या महायुद्धात मिळाले. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या आणि पाण्याखालील शत्रू दिसत नव्हता. पिएर क्यूरींचे विद्यार्थी पॉल लांजव्हाँ यांनी १९१७ मध्ये क्वॉर्ट्झचे तुकडे पोलादाच्या दोन जाड पत्र्यांमध्ये बसवून एक यंत्र तयार केले. त्याला वीज दिली की क्वॉर्ट्झ थरथरून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे मानवी कानाला ऐकू न येणारा उंच स्वर, सोडत असे. हा ध्वनी पाणबुडीवर आदळून परत आला की प्रतिध्वनीने तोच क्वॉर्ट्झ दबत असे आणि त्यातून वीज निघत असे. ही वीज अत्यल्प होती. पण लांजव्हाँ यांना तिच्यावर दिवा लावायचा नव्हता. ती आली आणि किती वेळाने आली, एवढेच त्यांना हवे होते. निर्वात नळ्यांच्या साहाय्याने ती वाढवून घेता येत होती. विजेकडे इंधन म्हणून न पाहता वार्ता म्हणून पाहिले, आणि दुबळा वाटणारा गुण सर्वांत मोठे सामर्थ्य ठरला. युद्ध १९१८ मध्ये संपले, त्यामुळे या यंत्राला प्रत्यक्ष लढाईत फारसे काम मिळाले नाही. परंतु आजच्या सोनार यंत्रणांचा वंश तेथून सुरू होतो. भारतीय नौदलासाठी अशा यंत्रणा विकसित करण्याचे काम कोची येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत चालते.

सोनोग्राफीच्या यंत्रात हीच युक्ती आहे. ठोकळ्यातील दाबविद्युत तुकडे आधी ध्वनी सोडतात आणि मग परतलेल्या ध्वनीचे विजेत रूपांतर करतात. त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. सतार किंवा गिटारला चिकटवलेली ध्वनिग्राहक चकती, मच्छीमारांच्या होडीतील माशांचा थवा दाखवणारे यंत्र ही याच कुळातील भावंडे.

ध्वनी इंधन म्हणून अजिबात उपयोगी पडत नाही, असे मात्र नाही. शरीरात बसवलेल्या उपकरणांची मोठी अडचण बॅटरी ही असते. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या पेसमेकरची बॅटरी काही वर्षांनी संपली की रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. २०१६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी सुमारे तीन मिलिमीटर लांबीचे एक उपकरण उंदराच्या शरीरात बसवले. त्याला बॅटरी नव्हती, बाहेर येणारी तारही नव्हती. बाहेरून श्राव्यातीत ध्वनी सोडला की आतील दाबविद्युत स्फटिक थरथरून वीज निर्माण करी, आणि त्या विजेवर उपकरण चेतातंतूंमधील संकेतांची नोंद बाहेर कळवी.

रस्त्यावरच्या गोंगाटाला जे जमत नाही ते येथे का जमले? शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे ध्वनी स्फटिकात बऱ्यापैकी शिरतो, आणि हा ध्वनी ऐकू येत नसल्याने कानांना त्रास न देता पुष्कळ तीव्र ठेवता येतो. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीला अमेरिकेत एका चौरस सेंटीमीटरला ७२० मिलिवॅट एवढी मर्यादा आहे. म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर सात मिलिवॅट. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजातून जेवढी ऊर्जा एका पूर्ण चौरस मीटरवर पडते, जवळजवळ तेवढीच येथे मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेवर पोहोचते. ही ऊर्जा अर्थातच फुकटची नाही. ती बाहेरच्या यंत्राला दिलेल्या विजेतूनच येते. जेथे तार नेता येत नाही तेथे ध्वनी ती वाहून नेतो.

स्वाध्याय
१. क्यूरी बंधूंचा १८८० सालचा प्रयोग आणि लिपमन यांचे १८८१ सालचे भाकीत यांतील संबंध तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘विजेकडे इंधन म्हणून न पाहता वार्ता म्हणून पाहिले’ या विधानाचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. ९० डेसिबलच्या आवाजावर ५ वॅटचा दिवा लावायला किमान किती चौरस मीटर जागेवरील आवाज गोळा करावा लागेल? हिशेब मांडून दाखवा.
४. ‘चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण पाठात कोणत्या संदर्भात आली आहे? तुमच्या अनुभवातील एका प्रसंगात तिचा उपयोग करा.
५. फुकट विजेविषयीची एखादी बातमी किंवा जाहिरात शोधा. तीत व्होल्ट, वॅट आणि वेळ यांपैकी काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही, ते नोंदवा.